अर्धा इंच

आमच्या घरात चार खुर्च्या आहेत, चारही ह्यांनीच केलेल्या, आणि गेल्या सव्वा वर्षात त्यांतल्या एकीवरही हे सलग दहा मिनिटं बसलेले नाहीत. जेवतात उभ्याने, ताट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून. पेपर वाचतात येरझारा घालत. पहिलं पान स्वयंपाकघरात, खेळाचं पान अंगणात. काही बोलायचं म्हटलं तर ह्यांच्या मागे मागे फिरावं लागतं. मी शिवणकाम करणारी बाई, माझा सगळा जन्म बसण्यात गेला. सांगायचं ते मशीनवरूनच ओरडून सांगते आणि त्यातलं निम्मं भिंतीच ऐकतात.

दुखणं कमरेचं. बसलं की पाच मिनिटांत डावीकडे ठणका, दहा मिनिटांत पाय बधिर. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, व्यायाम दिले, पाठीचा फोटो काढायला सांगितला. गोळ्या घेतल्या, व्यायाम दोन दिवस केले, फोटो काही काढला नाही. ‘माझ्या पाठीला काय झालंय ते मला कळतं,’ म्हणाले. ह्यांना सगळंच कळतं.

हे दारं-खिडक्यांच्या चौकटी करायचे. तीस वर्षं. बाजारात ह्यांचं नाव कुणी घेत नसे, सगळे ‘ओळंबा’ म्हणत. भिंत सरळ उभी आहे का ते बघायला गवंडी दोरीला शिशाचं वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. ह्यांच्या चौकटीला ओळंबा लावायची गरजच नाही, अशी ख्याती होती. ह्यांना वाकडं खपत नाही. आणि जे मनासारखं झालं नाही ते हे दुरुस्त करत नाहीत, करवतीने कापून टाकतात. लेकीच्या टेबलाचा खण अडकायचा, तर टेबल कापलं. चपलांचं कपाट केसभर डुगडुगत होतं, तेही गेलं. लेक तेव्हा म्हणाली होती, ‘आई, बाबांसमोर ताठ बस, नाहीतर आपलाही नंबर लागेल.’

कंबर गेली तसा कारखाना बंद करावा लागला. त्यानंतरचे चार महिने मला आठवायलाही नकोत. हे भिंतीकडे तोंड करून उभे असायचे. चहा म्हटलं की ‘हं.’ जेवण म्हटलं की ‘हं.’ एकदा मी विचारलं, ‘काय बघताय एवढं?’

‘काही नाही. प्लास्टर बघतोय.’

मग एका संध्याकाळी तलावावर फिरायला गेलो होतो, तिथे एक तरुण मुलगी अरुंद होडीत पाय लांब करून बसली होती आणि दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्याने सपासप जात होती. हे काठावर थांबले. अर्धा तास एका जागी थांबले. ‘बसून कुठेतरी जाता येतं की,’ एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी प्लाय आला.

ज्या माणसाला बसवत नाही त्याने बसून चालवायची होडी बांधायला घ्यावी, याला काय म्हणायचं? पण मी तोंडातून ब्र काढला नाही, कारण ह्यांचं तोंड भिंतीकडून वळलं होतं. आणि त्या कयाकचं, म्हणजे तसल्या अरुंद होडीचं, एक मला फार आवडलं. प्लायच्या लांब पट्ट्या कापायच्या, काठाला भोकं पाडायची आणि तांब्याच्या तारेने त्या एकमेकींना चक्क शिवायच्या. मग सांध्यांवर कापड आणि डिंकासारखं रसायन, आणि ते वाळलं की तारा काढून टाकायच्या. टाके माझे. पहिल्या दिवशी हे शेजारी उभं राहून सूचना देत होते. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, ‘तुम्ही मला शिवण शिकवू नका,’ तेव्हा गप्प झाले. अकरा महिन्यांत आम्ही जेवढं बोललो तेवढं त्याआधीच्या अकरा वर्षांत बोललो नसू.

होडी सुरेख झाली. पाण्यात सोडली तर थेंबभर पाणी आत नाही. अडलं ते टेकूवर.

टेकू म्हणजे पाठ टेकायची जागा. पहिला टेकू लाकडाचा, खुर्चीच्या पाठीसारखा गोलावा दिलेला. तो वर लागायचा आणि वल्हं ओढताना खांदे अडायचे. दुसरा फोमच्या ठोकळ्यातून कोरला, तो मागे सरकायचा. तिसरा नीट विचार करून केला: वीतभर रुंदीचा वाकवलेला प्लाय, वर फोम, दोन्ही बाजूंना पट्टे आणि बकलं, आणि फक्त कमरेला लागेल इतका बुटका. तलावाच्या चौकीदारानेही हात फिरवून बघितला आणि म्हणाला, ‘ह्यात तर मीच झोपेन.’ हे बसले. मी काठावर घड्याळ धरून. नवव्या मिनिटाला हे परत आले आणि होडीतून उतरताना डावा पाय हातांनी उचलून बाहेर ठेवावा लागला.

तो सोमवार होता. घरी आल्यावर होडी अंगणात घोड्यांवर, सुतारकामाच्या त्या लाकडी चौपायांवर, ठेवली, हात पुसले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, ‘रविवारपर्यंत बघतो. नाही जमलं तर कापून टाकतो.’

‘होडी?’

‘मग काय, तुला?’

मी हसले नाही. ह्यांनी म्हटलेलं कापलं नाही असं आजवर झालेलं नाही. आणि होडी कापली की हे पुन्हा भिंतीकडे जाणार, हे मला लख्ख दिसत होतं. मला दुसऱ्या कशाची भीती वाटत नव्हती, त्या ‘हं’ची वाटत होती.

आणि टेकू का लागत नाही ते मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

लग्नानंतर पहिल्यांदा ह्यांचा शर्ट शिवायला घेतला तेव्हाची गोष्ट. टेप लावली तर डावा खांदा अर्धा इंच खाली. पाठीची रेघही जराशी वळलेली. चौकटी कायम उजव्या खांद्यावरून वाहायचे, त्याने झालं असणार. मी ह्यांना सांगणारच होते. पण त्याच दुपारी हे घरी आले ते धुमसत. भागीदाराने पाव इंच वाकडी चौकट गिऱ्हाइकाला पोचवली होती, ती ह्यांनी परत आणून भर रस्त्यात कापली होती आणि भागीदारी मोडली होती. पाव इंचासाठी. माझ्या हातात अर्धा इंच होता. मी मूग गिळले आणि डाव्या खांद्याची शिवण अर्धा इंच जास्त उतरवून घेतली. शर्ट अंगात घातला तर आरशात अगदी सरळ. हे म्हणाले, ‘हाताला वळण आहे तुझ्या.’ नव्या नवरीला आणखी काय हवं?

तेव्हापासून सत्तावीस वर्षं ह्यांचा एकही शर्ट दोन्ही बाजूंनी सारखा नाही. दरवर्षी नवीन माप, दरवर्षी थोडं जास्त. अर्ध्याचा पाऊण झाला, पाऊणचा एक. बायको शिवणारी असताना तयार कपडे हे घेतीलच कशाला? तेव्हा दुसऱ्या कुणाला कळायचा प्रश्नच नव्हता. मला त्याचा थोडा अभिमानसुद्धा होता, खोटं का बोलू.

तर बुधवारी मी तेच केलं जे मला येतं. ‘टेकूला रेक्झिनचा अभ्रा घालते, पाण्याने फोम खराब होईल,’ म्हटलं आणि अभ्र्याच्या आत डाव्या बाजूला पाऊण इंचाचा जास्तीचा फोम कडेला उतरता करून बेमालूम शिवून टाकला. वरून बघून कळणार नाही, फक्त पाठीला कळेल.

गुरुवारी हे पाण्यात गेले. दहा मिनिटं झाली. वीस झाली. पलीकडच्या पंपघरापर्यंत जाऊन आले आणि न उतरता पुन्हा वळले. चाळीस मिनिटांनी काठाला लागले तर चेहरा असा, की मला आमच्या लग्नाच्या फोटोतला माणूस आठवला. ‘अगं, काही नाही! काहीसुद्धा नाही! पाय बघ!’ म्हणून भर तलावावर पाय झटकून दाखवला. चौकीदार बघतच राहिला. त्या संध्याकाळी ह्यांनी टेकू घरात आणला, खुर्चीला बांधला आणि बसून चहा प्यायला. माझ्या समोर. बसून. मी दोनदा साखर घातली एवढी माझी तारांबळ.

शुक्रवारी सकाळी मी शिवलेले कपडे पोचवून परत आले तर अंगणात टेकूचा अभ्रा उसवलेला. हे घोड्याजवळ उभे, हातात पाणसळ, ती काचेच्या नळीत बुडबुडा असलेली पट्टी.

‘तुझ्याकडून अशी चूक?’ हे खुशीत होते, चिडवत होते. ‘म्हटलं, पट्टे पक्के करण्याआधी एकदा बघावं, तर बुडबुडा पार एका टोकाला. डावीकडे पाऊण इंच जास्त! कसला तरी तुकडा आत राहिला होता. काढला. आता बघ.’

बुडबुडा बरोबर मध्ये होता.

 मी म्हटलं, ‘अहो, होता तसा राहू द्यायचा ना. काल बरं वाटलं ना?’

‘वाकड्यात एवढं बरं वाटलं, तर सरळमध्ये किती वाटेल?’

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. सत्तावीस वर्षांचं कुलूप, एका सकाळीत कुठून निघायला?

संध्याकाळी सातव्या मिनिटाला परत आले. या वेळी पाय उचलूनही बाहेर येईना; चौकीदाराने आणि मी धरून उतरवलं. घरी आल्यावर ह्यांनी जेवण नको म्हटलं आणि माळ्यावरून मोठी करवत काढून दाराशी टेकवून ठेवली. ‘रविवारची वाट कशाला बघायची,’ म्हणाले, पण कमरेने त्या दिवशी करवत ओढूच दिली नाही. कमरेने आयुष्यात माझ्यावर केलेला तेवढा एकच उपकार.

शनिवारी उजाडल्यावर मी कपाट उघडलं. ह्यांचे शर्ट बाहेर काढले, आजचे आणि जुने, फरशी पुसायला दिलेला एकही नाही कारण मी ह्यांचं कापड टाकत नाही. त्यांतले निवडक, पहिल्यापासून आजपर्यंतचे, कापायच्या टेबलावर एकाखाली एक पसरले. अकरा शर्ट. मग हाक मारली.

‘हे काय मांडलंयस?’

‘मोजा.’

‘काय मोजू?’

‘दोन्ही खांद्यांची शिवण. गळ्यापासून खाली. डावी आणि उजवी.’

ह्यांनी मोजायला सुरुवात केली. दुसऱ्या शर्टालाच हात थांबला. माझ्याकडे बघितलं, मग खाली बघितलं, आणि एकेक करत अकराही मोजले. पेन्सिल कानावरून काढून प्रत्येकाचा आकडा टेबलाच्या कडेवर लिहिला. अर्धा. अर्धा. पाऊण कमी एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग कमी. पाऊण. शेवटी एक. 

‘हे चुकून नाही,’ हे म्हणाले.

‘नाही.’

‘मी वाकडा आहे?’

‘हो.’

‘कधीपासून?’

‘मला माहीत आहे तेव्हापासून. पहिल्या शर्टापासून.’ मग एकदाची वाचा फुटली तशी मी सगळं सांगत सुटले. उजवा खांदा, चौकटी, पाव इंचासाठी रस्त्यात कापलेली ती चौकट, टेकूतला फोम. ‘तो तुकडा राहून गेलेला नव्हता, मी शिवलेला होता. तुम्हाला वाकडं खपत नाही ना! मग मी काय सांगणार होते? आणि सांगितलं असतं तर काय, मलाही कापलं असतंत?’

मला वाटलं होतं हे ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडण्याला माझ्याकडे उत्तर असतं. हे टेबलाच्या कडेवरचा पहिला आकडा बघत होते. हळू आवाजात म्हणाले, ‘अर्धा इंच असतानाच सांगितलं असतंस, तर मी खांदा बदलला असता.’

एवढंच. आणि ते खरं होतं. एवढी वर्षं मला वाटत होतं की मी ह्यांची लाज राखतेय. मी ह्यांची कंबर घालवत होते. दरवर्षी टेप लावायची, दरवर्षी आकडा वाढलेला बघायची आणि दरवर्षी नुसती शिवण उतरवायची. हातात कात्री असलेली बाई मी, हे असं कसं केलं मी?

हे अंगणात गेले. मी कान देऊन उभी होते, करवतीचा आवाज येईल म्हणून. आला नाही. थोड्या वेळाने दारात येऊन उभे राहिले, उघड्या पाठीने, हातात ओळंबा आणि खडू.

‘मानेच्या मणक्यापासून सोड,’ म्हणाले. ‘आणि दोरी कुठे आणि पाठ कुठे, खुणा कर.’

मी स्टुलावर चढले. दोरी सोडली. वजन हललं, हललं आणि थांबलं. दोरी सरळ होती. ह्यांची पाठ मध्यावर उजवीकडे वळून पुन्हा खाली आत येत होती. कपड्यावरून मी ती दरवर्षी मोजली होती, पण अशी दोरीशेजारी कधी बघितली नव्हती. मी खुणा केल्या. एक खूण जराशी बाजूला पडली. ‘नीट,’ हे म्हणाले. त्यानंतर संध्याकाळपर्यंत ह्यांचा माझ्याशी दुसरा शब्द नाही. खुणांचा कागदावर साचा झाला, साच्यावरून फोम कापला गेला, डावीकडे जाड, उजवीकडे पातळ, मध्ये खोलगट. ह्यांनी वाकडेपणासुद्धा सुतात मोजून केला. माझ्या पाऊण इंचाच्या अंदाजापेक्षा तो एक सूत जास्त निघाला, हे मला कुणी न सांगता दिसलं.

तिन्हीसांजेला ह्यांनी एक निळं कापड माझ्या मशीनवर आणून ठेवलं. ‘शर्ट शीव. दोन्ही बाजू सारख्या.’

‘अहो, कशाला आता...’

‘सारख्या.’

मी शिवला. आयुष्यात मला तेवढी सोपी शिवण तेवढी जड कधी गेली नाही.

रविवारी सकाळी हे तोच शर्ट घालून निघाले. डावी कड लोंबत होती, कॉलर एका बाजूला ओढलेली. रस्त्यात दोघा-तिघांनी वळून बघितलं, चौकीदार तर म्हणाला, ‘बटणं चुकली का?’ हे म्हणाले, ‘नाही, मीच चुकलोय,’ आणि होडी पाण्यात लोटली. माझ्याकडे न बघता बसले, बकलं आवळली आणि गेले.

दहा मिनिटं. वीस. पंपघर आलं. मला वाटलं वळतील. वळले नाहीत. होडी पंपघराच्या मागे गेली आणि दिसेनाशी झाली. पाऊण तास झाला. मी काठावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते. चप्पल काढली, घातली. चौकीदाराने खुर्ची आणून दिली, ‘बसा हो ताई,’ म्हणाला. बसले आणि उठले. पाय आखडला असेल तर? उलटली असेल तर? की मुद्दाम येत नाहीत? सगळ्यांत जास्त मला ते शेवटचं टोचत होतं. तास झाला. सव्वा तास झाला. माझी पाठ ठणकायला लागली, आणि तरी बसवेना. हे सव्वा वर्ष असे फिरत होते आणि मी मशीनवरून ओरडत होते, ‘अहो, एका जागी बसा की!’

दीड तासाने होडी पंपघरामागून निघाली. हळूहळू, एका लयीत. काठाला लागली. हे उतरले, आपल्या पायांनी, दोन्ही पाय हात न लावता उचलून. मी पुढे झाले आणि तोंडातून काही निघायच्या आत माझा हात सवयीने ह्यांच्या शर्टाची लोंबणारी कड वर ओढायला गेला.

ह्यांनी हात धरला. ‘राहू दे.’

मी राहू दिलं.

‘यापुढे काही दिसलं,’ हे पाण्याकडे बघत म्हणाले, ‘कुठेही, काहीही, तर अर्धा इंच असतानाच सांगायचं.’

मला राग आला. दीड तास मी काठावर झिजले होते.

‘मग ऐका,’ मी म्हटलं. ‘कालपासून तुम्ही माझ्याशी धड बोलला नाहीत. ते अर्ध्या इंचापेक्षा जास्त झालंय.’

हे वळले, होडीत वाकले, बकलं सोडून टेकू बाहेर काढला. काठावर दगडी कठडा आहे, त्याला तो लावला आणि पाठ टेकून खाली बसले. शेजारची जागा हाताने झाडली.

‘बस,’ म्हणाले. ‘बोल.’